मुलांसाठी वेळ देणारी माणसे

मुलांच्या संस्थेत विनामोबदला काम करायला येणारा माणूस सहसा एकाच कारणाने येत नाही. ‘मुलं आवडतात’ हे उत्तर सर्वांत आधी मिळते आणि ते खरेही असते. थोडे बोलते केले की बाकीची कारणे पुढे येतात. निवृत्त शिक्षिकेला वर्गाची सवय सुटत नसते. मुले परदेशी स्थायिक झालेल्या जोडप्याला रिकामे घर खायला उठते. कोणी स्वतः दुसऱ्याच्या मदतीवर शिकलेला असतो आणि ते ऋण त्याला फेडायचे असते. समाजकार्याच्या विद्यार्थ्याला अनुभव हवा असतो, तर राष्ट्रीय सेवा योजनेतल्या विद्यार्थ्यांना वर्षाचे १२० तास भरायचे असतात.

अस्वस्थता हे यातले सर्वांत जोरकस कारण. विमान कंपनीत पर्सर असलेल्या रिपन कपूर यांना भीक मागणारी, लोकांच्या घरी राबणारी मुले पाहवत नसत. १९७९ मध्ये मुंबईत, आईच्या घरातल्या जेवणाच्या टेबलाभोवती त्यांनी सहा मित्रांना जमवले आणि ५० रुपयांनिशी ‘क्राय’ ही संस्था सुरू केली. नोकरी सांभाळूनच ते हे काम करत राहिले.

अशी तळमळ घेऊन येणाऱ्यालाच खरा स्वयंसेवक मानायचे आणि अनुभवासाठी किंवा विरंगुळ्यासाठी येणाऱ्याला कमी लेखायचे, ही सर्रास आढळणारी वृत्ती मात्र अन्यायाची आहे. गिल क्लेरी, मार्क स्नायडर आदी अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये स्वयंसेवेमागचे हेतू सहा गटांत मांडले: मूल्यनिष्ठा, जाणून घेण्याची ओढ, आप्तमित्रांचा प्रभाव, व्यवसायातली प्रगती, मनातल्या अपराधी किंवा एकाकी भावनेपासून सुटका आणि स्वतःविषयी चांगले वाटणे. एकाच माणसात यांतले अनेक हेतू एकत्र नांदतात. जो ज्यासाठी आला ते त्याला कामातून मिळाले, तर तो समाधानी राहतो आणि पुढेही काम करू इच्छितो, असे त्यांना आढळले. स्नायडर यांनी अ‍ॅलन ओमोटो यांच्यासह केलेल्या आधीच्या एका अभ्यासात एड्सग्रस्तांना मदत करणाऱ्यांची पाहणी होती. त्यात स्वतःच्या वाढीसाठी, स्वतःला बरे वाटावे म्हणून आलेले लोक जास्त काळ टिकलेले दिसले.

टिकणे हाच मुलांच्या दृष्टीने कळीचा मुद्दा आहे. वस्तीतल्या वाचनवर्गात नऊ-दहा वर्षांची मुलगी ओळीखाली बोट धरून वाचत असते, जोडाक्षर आले की बोट थांबते आणि ती ताईच्या तोंडाकडे बघते. कुठे अडते, किती वेळ थांबायचे, हे त्या ताईला दोन-तीन महिन्यांनी उमगलेले असते. वर्ग सुटताना ‘ताई, पुढच्या शनिवारी येणार ना?’ हा प्रश्न ठरलेला. प्रशिक्षण अवघे काही दिवसांचे असले तरी चालते: उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात ‘प्रथम’ या संस्थेने गावातल्याच तरुण स्वयंसेवकांकडून वाचनवर्ग चालवून घेतले, तेव्हा वर्गाला आलेल्या मुलांच्या वाचनात स्पष्ट सुधारणा झाली.

वाढदिवसाला खाऊ वाटून, फोटो काढून निघून जाणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, पण त्यातून मुलाच्या हाती फारसे लागत नाही. निवासी बालगृहांत तर त्याने नुकसानच होऊ शकते. आधीच आपली माणसे गमावलेले मूल चार दिवसांत जीव लावते आणि पाहुणा गेला की तो घाव पुन्हा सोसते.

म्हणून जाणत्या संस्था पहिल्याच भेटीत ‘का यायचंय?’ हे मोकळेपणाने विचारतात आणि त्यानुसार काम देतात. शिकवण्याची हौस असलेल्याला वर्ग, हिशेबात मुरलेल्याला जमाखर्च, महिन्यातून एखादाच रविवार मोकळा असणाऱ्याला पुस्तकांना कव्हर घालणे किंवा सहलीची तयारी. ओळखपत्र, पोलीस पडताळणी आणि मुलांना एकट्याने बाहेर न नेण्याचा नियम सर्वांना सारखाच लागू असतो, मग येणारा कितीही प्रतिष्ठित असो. किमान सहा महिने किंवा शैक्षणिक वर्षभर येण्याची तयारी विचारली जाते. काम सोडायचे झाले तर महिनाभर आधी कळवायचे आणि मुलांचा निरोप स्वतः घ्यायचा, हेही सुरुवातीलाच ठरते.