गणपतीच्या ट्रॉलीचे टायर

लालबाग, परळ आणि चिंचपोकळी येथील मंडळांच्या मूर्तींची उंची, प्रभावळ आणि रोषणाई यांविषयी भक्तजन जेवढ्या आस्थेने बोलतात, तेवढ्या आस्थेने त्या मूर्ती ज्या लोखंडी ट्रॉलीवर विराजमान होतात तिच्या टायरांविषयी कोणी बोलत नाही. वास्तविक कारखान्यातून मंडपापर्यंतचे आगमन असो वा मंडपातून गिरगाव चौपाटीपर्यंतचे विसर्जन, साऱ्या सोहळ्याची मदार त्यांच्यावरच असते.

ज्याची नक्षी शाबूत तो टायर उत्तम, हा समज मोटारीपुरता बराचसा खरा आहे. ट्रॉलीची गोष्ट निराळी. ती वर्षातून दोन-चार दिवस माणसाच्या चालीने चालते आणि उरलेला काळ गल्लीच्या टोकाला ऊनपाऊस खात उभी असते, त्यामुळे तिचा टायर झिजून नव्हे, तर उभ्या उभ्या म्हातारा होऊन निकामी होतो. नक्षी कोरी करकरीत दिसत असताना कडेच्या रबरावर केसासारख्या बारीक भेगा पडलेल्या असतात आणि दगा तेथेच होतो. म्हणून जुन्या बाजारातला टायर घेण्यापूर्वी कडेवरील चार आकडे वाचून वयाची खातरजमा करावी : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

दुसरी बाब भाराची. मूर्ती, सांगाडा आणि वर उभे राहणारे कार्यकर्ते (त्यांची संख्या ऐनवेळी नेहमीच वाढते) मिळून सहा टन वजन धरले, तर चार चाकांवर प्रत्येकी दीड टन येते, आणि टायरवर १२२ हा भारांक असल्यास त्याची क्षमता नेमकी १,५०० किलो असल्याने हिशेब जुळल्यासारखा वाटतो. परंतु एक चाक खड्ड्यात अधांतरी झाले, की ताठ सांगाड्याचा बहुतेक भार तिरप्या रेषेतील दोनच चाकांवर पडतो. तेव्हा दोन टन पेलणारा १३२ भारांकाचा टायर घेणे ही उधळपट्टी नव्हे. वजन मोजण्याची तसदी अशीही घ्यावीच लागते, कारण चिंचपोकळीच्या जुन्या रेल्वे पुलावर एका वेळी १६ टनांपेक्षा अधिक भार नको, अशी ताकीद महापालिकेने दिलेली आहे.

हा भारांकही हवा पुरी असेल तरच खरा. वाळूत चाक रुतू नये म्हणून हवा कमी करण्याची युक्ती हलक्या गाडीला शोभते. चौपाटीवर महापालिका लोखंडी पत्रे अंथरते, तेथे उंच मूर्तीखाली मऊ टायर म्हणजे डोलण्याला आमंत्रण. याच कारणास्तव मी रेडियलपेक्षा ताठ कडेचा नायलॉन टायर पसंत करीन. मात्र एकाच एक्सलवर दोन्हींची सरमिसळ कदापि करू नये.

विसर्जन आटोपल्यावर ट्रॉली लाकडी ठोकळ्यांवर उचलून चाके ताडपत्रीने झाकावीत, आणि पुढील आगमनाच्या आधी, मिरवणुकीच्या सकाळी नव्हे, प्रत्येक टायरची कड हाताने चाचपून पाहावी.