पिसारा मोराचा, पसंती लांडोरीची

पैठणीच्या पदरावर मोर, सरस्वतीपाशी मोर, वासुदेवाच्या टोपीला मोरपिसं. लांडोर मात्र कुठेच नाही. तिच्याकडे लक्षच गेलं नाही, म्हणून मोराचे अश्रू पिऊन तिला गर्भ राहतो ही समजूतही टिकून राहिली असावी. २०१७ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी ती पत्रकारांसमोर बोलून दाखवली होती. प्रत्यक्षात मोर-लांडोरीचं मीलन इतर पक्ष्यांसारखंच होतं आणि ते कोणाशी करायचं, हे बहुतांशी लांडोर ठरवते. मोराचं हे देखणेपण तिच्या पसंतीतून घडत आलं आहे, आणि म्हणून पिसारा समजून घ्यायचा तर आधी तिच्याकडे पाहायला हवं.

पिसारा म्हणजे मोराची शेपूट नव्हे. शेपटीच्या मुळावरची पिसं वाढून तो तयार होतो. खरी शेपूट आखूड, तपकिरी असते आणि मागून त्याला टेकू देते. शत्रूपासून पळताना अडचण करणारं हे ओझं निसर्गात टिकलं कसं, या प्रश्नाने डार्विन इतका हैराण झाला होता की मोरपीस पाहिलं की मळमळतं, असं त्याने १८६० मध्ये एका पत्रात लिहिलं. १८७१ च्या ग्रंथात त्याने उत्तर मांडलं: पिढ्यानपिढ्या माद्यांनी देखणे नर निवडले. मादीला एवढी पारख असते, हे त्या काळी अनेकांच्या पचनी पडलं नाही. पुढे इंग्लंडमधल्या व्हिप्सनेड इथे मॅरियन पेट्री यांनी काही मोरांच्या पिसाऱ्यातले डोळे कापून कमी केले, तेव्हा त्या मोरांची मीलनं घटली.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. जपानमध्ये सात वर्षं निरीक्षण करून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पिसाऱ्याचा आणि मोराला मिळणाऱ्या पसंतीचा संबंध आढळला नाही. पण त्यावरून लांडोर निवडच करत नाही, असं ठरत नाही. ती केवळ डोळे मोजत नसावी, एवढंच दिसतं. नंतरच्या अभ्यासांत त्या डोळ्यांच्या निळ्या-हिरव्या झळाळीलाच अधिक महत्त्व असल्याचं आढळलं. शिवाय मोर पिसारा नुसता फुलवून उभा राहत नाही, सेकंदाला सुमारे पंचवीस वेळा थरथरवतो. सगळी पिसं सळसळत असताना त्यांवरचे डोळे मात्र जवळजवळ जागच्या जागी दिसतात.

एवढी पारख करायला लांडोरीकडे कारणही सबळ आहे. जमिनीवरच्या खळग्यात चार-सहा अंडी घालून सुमारे २८ दिवस ती एकटीच उबवते, पिल्लंही एकटीच वाढवते. मोराकडून तिला मिळतो तो फक्त आनुवंशिक वारसा. पेट्री यांच्या १९९४ च्या निष्कर्षानुसार, मोठ्या डोळ्यांचा पिसारा असलेल्या मोरांची पिल्लं वजनाने अधिक भरली आणि जास्त संख्येने जगली.