कार्ड मेलं तरी डिस्क उघडली पाहिजे

"दादा, कॅबिनेटमधी बारा डिस्क बसतात, पन बोर्डवर पोर्ट चारच हायेत. कार्ड कोनतं घेऊ?"

माझ्या मावसभावाचा नांदुऱ्यात लग्नाच्या शूटिंगचा धंदा आहे. १०० मेगाबिटवर रेकॉर्डिंग ठेवलं तर एका कॅमेऱ्याचं तासाला ४५ जीबी फुटेज होतं. दोन कॅमेरे आणि ड्रोन असले की एका लग्नात अर्धा टीबी सहज भरतो. व्हिडिओ दिला की मूळ फुटेज पुसून टाकणारे बरेच आहेत. हा पुसत नाही. वडील गेल्यावर त्यांची एखादी क्लिप शोधत लोक त्याच्याकडे येतात, आणि ती सापडली की समोरच्याचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलं आहे. म्हणून घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर झेडएफएस ही फाइल सिस्टिम टाकून त्याने स्टोरेज सर्व्हर केला. त्याच्या चारही डिस्क आता भरत आल्या होत्या.

त्याच्या मोबाइलवर एक स्वस्त कार्ड उघडं होतं. दहा पोर्ट आणि खाली पीसीआय-एक्स्प्रेसची एकच लेन. असल्या कार्डावर बहुधा पोर्ट मल्टिप्लायर असतो, म्हणजे चार-पाच डिस्कांची वाट एकाच पोर्टातून जाते. एक डिस्क अडखळली की तिच्या सोबतच्या सगळ्याच गायब होतात आणि झेडएफएसला वाटतं, एका दमात पाच डिस्क मेल्या. त्यावर फुली मारली.

मग हार्डवेअर रेड कार्ड. बॅटरी, कॅश, कंपनीचं नाव, सगळं भारदस्त. पण डिस्कांची मांडणी ते कार्ड स्वतःच्या पद्धतीने लिहून ठेवतं. उद्या कार्ड जळालं तर त्याच जातीचं दुसरं मिळेपर्यंत फुटेज कुलूपबंद. मुंबईत माणूस लॅमिंग्टन रोडला जाऊन येईल. नांदुऱ्यात कुरियरची वाट पाहावी लागते, आणि इकडे नवरीकडचे लोक अल्बमसाठी दारात उभे. तालुक्याच्या गावात कार्ड घ्यायचं तर माझ्या मते पहिला प्रश्न वेगाचा नाहीच. हे कार्ड मेलं तर डिस्क दुसऱ्या कुठल्याही कार्डावर, नाहीतर थेट मदरबोर्डवर, जशाच्या तशा उघडतील का? या प्रश्नाला 'हो' म्हणणारंच कार्ड घ्यावं.

दोन-चार डिस्क वाढवायच्या असत्या तर एएसएम११६६ चिपचं सहा पोर्टांचं साधं साटा कार्ड मी डोळे मिटून सुचवलं असतं. ते तापतही कमी. इथे आठ पोर्ट हवे होते. त्यामुळे गाडी एलएसआयच्या एसएएस२००८ चिपवर आली. ९२११-८आय हे तिचं मूळ कार्ड. आयबीएमचं एम१०१५ आणि डेलचं पर्क एच३१० ही तिचीच भावंडं. आयटी मोडचं फर्मवेअर टाकलं की रेडचा सगळा कारभार बंद होतो आणि डिस्क थेट सिस्टिमच्या हाती येते. चिप जुनी आहे, पीसीआय-एक्स्प्रेस २.० ची. त्याच्या बोर्डातला मोकळा स्लॉट दिसायला लांब, पण आत चारच लेन. एका लेनचे सेकंदाला ५०० एमबी धरले तर चारांचे दोन जीबी होतात. आठ हार्ड डिस्क २५० एमबीने एकदम पळाल्या तरी तेवढंच होतं, आणि घरातलं गिगाबिट नेटवर्क १२५ एमबीच्या पुढे जातच नाही. नव्या १२ गिगाबिटच्या कार्डाला जास्त पैसे कशाला मोजायचे? 'नवंकोरं' म्हणून विकली जाणारी ९२११ मात्र टाळली, कारण या कार्डाच्या नकला बाजारात भरपूर आहेत. सर्व्हरमधून काढलेलं, डेलचं स्टिकर असलेलं एच३१० मागवलं.

काही घरगुती मदरबोर्डांवर हे कार्ड लावलं की मशिन सुरूच होत नाही. इथेही तेच झालं. चिपच्या बाजूने, ब्रॅकेटकडून मोजत पाचवी आणि सहावी सोनेरी पट्टी, या दोन पट्ट्यांवर एसएम-बसचे सिग्नल असतात, तेच आडवे येतात. भावाने टाचणीच्या टोकाएवढी कॅप्टॉन टेप कापली, भिंग धरून दोन्ही पट्ट्या झाकल्या, आणि स्क्रीन उजळला.

फर्मवेअर बदलण्याआधी कार्डाच्या स्टिकरवरचा सोळा आकड्या-अक्षरांचा एसएएस पत्ता वहीत उतरवून घेतला. जुनं पुसल्यावर नवं चढेपर्यंत कार्ड कोरं असतं; लिहिणं चालू असताना लाइट गेली तर कार्ड हातचं जाऊ शकतं. घरात इन्व्हर्टर होता, पण तो चेंजओव्हर घेताना कॉम्प्युटर कधी कधी रीस्टार्ट होतो. म्हणून शेजारच्या सायबर कॅफेतून यूपीएस आणला आणि मगच पेनड्राइव्हवरून पी२० मालिकेतलं २०.००.०७.०० चढवलं. बूट रॉम मुद्दाम टाकला नाही. या कार्डावरून सिस्टिम सुरू करायची नव्हती, आणि तो नसला की मशिन लवकर उठतं.

राहिला उन्हाळा. ही कार्डं सर्व्हरच्या वाऱ्यासाठी घडवलेली आहेत. मिनिटाला २०० फूट वेगाची हवा त्यांना लागते. घरातल्या कॅबिनेटमध्ये ती नसते, आणि वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. हीटसिंक उचलला तर खालची पेस्ट खडूसारखी भुकटी झालेली. ती पुसून नवी लावली, वर ४० मिलिमीटरचा पंखा बसवला. कूलरचा ओला झोत सरळ मशिनवर यायचा, म्हणून टेबलच सरकवलं.

केबल घेताना लेबल वाचावं. एका टोकाला एसएफएफ-८०८७ आणि दुसऱ्या टोकाला चार साटा असलेल्या केबलचे सरळ आणि उलट असे दोन प्रकार येतात. दिसायला हुबेहूब, पण कार्डाकडून डिस्कांकडे जायला सरळच, म्हणजे फॉरवर्ड ब्रेकआउट, लागते.

सगळं जोडून झाल्यावर मी त्याला मशिन बंद करायला लावलं. जुन्या चारही डिस्क मदरबोर्डवरून काढून कार्डावर लावल्या, त्याही क्रम बदलून. झेडएफएसचा पूल, म्हणजे चारही डिस्कांचा मिळून एक साठा, जसाच्या तसा उघडला. मग कार्डच काढून घेतलं, डिस्क परत बोर्डवर लावल्या. तरी उघडला. भाऊ म्हणाला, "आता लावू नवीन डिस्का."

त्या लावल्या. आता दुसरं एच३१० आणि एक जादा केबल मागवायची आहे, कपाटात ठेवण्यापुरती.