नाशिकचे लेणीलेख आणि मराठीचा पूर्वेतिहास : पुराव्याचे स्वरूप

प्रस्तावना :
३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. मराठीच्या प्राचीनतेची चर्चा करताना सातवाहनकालीन शिलालेखांचा आधार घेतला जातो. हा आधार नेमका कशाचा, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

उत्तर आफ्रिकेतील बर्बर भाषांचा पूर्वेतिहास शोधताना अभ्यासकांना ट्युनिशियातील दुग्गा येथील इ. स. पू. १३८च्या सुमाराच्या प्यूनिक-लिबियन द्विभाषिक लेखाने लिपी उलगडून दिली. तथापि बहुतेक लेखांतून व्यक्तिनामे व पदनामे यांपलीकडे फारसे हाती लागत नाही. नाशिकची समस्या वेगळी आहे. येथील लेख वाचता येतात, अर्थही लागतो. प्रश्न उरतो तो या भाषेचे मराठीशी नाते कोणते, हा.

लेखांतील साक्ष :
त्रिरश्मी डोंगरावरील, म्हणजेच पांडवलेण्यांतील, क्र. ३ च्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचा १८व्या राज्यवर्षातील दानलेख आहे. ब्राह्मी लिपीतील या प्राकृत लेखात दोनशे निवर्तने शेत भिक्षूंना दिल्याची नोंद आहे. तेथे 'दोन' या अर्थी 'बे' हा शब्द येतो. तो मराठीत 'बे एके बे' या पाढ्यात आजही टिकून आहे. याच लेणीसमूहातील लेखांत आढळणारा 'लेण' हा शब्द 'लेणे' या रूपाने रूढ आहे.

मात्र त्याच दानलेखात 'क्षेत्र' याचे रूप 'खेत' असे आहे. मराठीतील 'शेत' हा शब्द 'खेत'पासून येत नाही. त्यामागे 'छेत्त' हे रूप गृहीत धरावे लागते. 'माशी' (मक्षिका) आणि 'कूस' (कुक्षि) हे शब्दही 'क्ष'चा हाच विकास दर्शवितात. अर्थात लेखांची भाषा ही राजशासनाची प्रमाण लेखनभाषा होय. ती स्थानिक बोलीचे तंतोतंत प्रतिबिंब नव्हे.

मराठीचे स्वतंत्र रूप :
लेणे करविले, हे सांगताना नाशिकचे लेख 'कारित' असे रूप योजतात. श्रवणबेळगोळ येथील मराठी लेखात मात्र 'करवियलें' हे क्रियापद येते. त्या लेखाच्या काळाविषयी मतभेद असले, तरी 'ल'कारयुक्त भूतकाळ ही मराठीची खूण तेथे स्पष्ट दिसते. हत्तरसंग-कुडल येथील शके ९४० (इ. स. १०१८) मधील लेख मराठीच्या आद्य कालनिर्दिष्ट लेखांत गणला जातो. सातवाहनकालीन लेख आणि हे लेख यांच्यामध्ये सुमारे नऊ शतकांचे अंतर आहे.

निष्कर्ष :
नाशिकचे लेख हे मराठीतील लेख नव्हेत. ते मराठीच्या पूर्वावस्थेच्या परिसरातील प्राकृताचे साक्षीदार आहेत. एवढे म्हटल्याने मराठीच्या प्राचीनतेस बाध येत नाही, उलट तिचा दावा अधिक भक्कम होतो. सायखेड्यासारख्या गोदाकाठच्या शेतीप्रधान गावातील विद्यार्थ्यांना लेणी दाखविताना 'बे' आणि 'खेत' हे दोन्ही शब्द दाखवावेत. पहिला नाते सांगतो, दुसरा त्या नात्याची मर्यादा.