बाळाचं भरीत वेगळं काढतात

आमच्या असोद्यात, म्हणजे बहिणाबाई चौधरींच्या माहेरी, थंडी पडली की शेतोशेत धूर दिसू लागतो. घाबरू नका, वांगी भाजताहेत! भरताची मोठमोठी हिरवी वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजायची, साल काढायची आणि हिरवी मिरची नि लसूण यांच्याबरोबर ठेचायची. मिरच्या किती? पाहुण्यांच्या डोळ्यांतून पाणी येईल इतक्या!

पण वांग्याला मिरची लागण्याआधी माझी आजी नुसता गर एका वाटीत बाजूला काढायची. तो घरातल्या तान्ह्या बाळासाठी. मी एकदा विचारलं, "आपल्या ताटातलंच चिमूटभर दिलं तर?" आजी म्हणाली, "थोडं देलं म्हनून तिखट कमी व्हते का रे?"

आजीच्या या प्रश्नात औषधांचं केवढं मोठं शास्त्र दडलंय, ते मला खूप उशिरा कळलं.

2024च्या नोव्हेंबरमध्ये एक बातमी आली. नॅफिथ्रोमायसिन नावाचं नवं प्रतिजैविक भारतात तयार झालं होतं. प्रतिजैविक म्हणजे अँटिबायोटिक, जिवाणूंना मारणारं किंवा त्यांची वाढ रोखणारं औषध. आणि हे बनवलं कुणी? आपल्या महाराष्ट्रातल्याच वोक्हार्ट कंपनीने. न्यूमोनियासाठी रोज एकदा, फक्त तीन दिवस घ्यायचं. जुन्या औषधांना जिवाणू सरावतात, त्यांना दाद देईनासे होतात, म्हणून अशी नवी औषधं लागतात. हे एक औषध तयार व्हायला 14 वर्षं लागली. तुम्ही पहिलीत असताना कुणी काम सुरू केलं, तर ते संपेपर्यंत तुम्ही कॉलेजात शिकत असाल, इतकी!

पण मान्यता मिळाली ती मोठ्या माणसांसाठी. न्यूमोनिया तर लहान मुलांनाही होतो. मग गोळीचे दोन तुकडे करून अर्धा मुलाला दिला तर नाही का चालणार?

नाही चालत. हे जगाला फार दुःखाने शिकावं लागलं. क्लोरॅम्फेनिकॉल नावाचं एक प्रतिजैविक होतं. मोठ्यांचा विषमज्वर, म्हणजे टायफॉइड, त्याने बरा व्हायचा. 1950 नंतरच्या दशकात ते अगदी नवजात बाळांनाही दिलं जाऊ लागलं. काही बाळं राखाडी पडली, थंड पडली आणि दगावली. असं का झालं? आपलं यकृत या औषधाचं रूप बदलतं, मग ते लघवीवाटे बाहेर जातं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या यकृताला हे काम अजून जमत नसतं. त्यामुळे औषध अंगात साठत गेलं. 1959 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बाळांचे गट करून नीट तुलना केली, तेव्हा दोष औषधाचा असल्याचं कळलं. बाळ म्हणजे छोटा माणूस नव्हे. त्याचं यकृत, त्याची मूत्रपिंडं, त्याच्या अंगातलं पाण्याचं प्रमाण, सगळंच वेगळं.

म्हणून औषधाला मुलांसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते. आधी प्रयोगशाळेत, मग प्राण्यांवर, मग मोठ्या माणसांवर. त्यानंतर बहुतेक वेळा आधी मोठी मुलं, मग त्यांच्याहून लहान, आणि शेवटी तान्ही बाळं. रक्ताचे अगदी थोडे थेंब घेऊन बघतात, औषध अंगात किती वेळ राहिलं. आणि यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट सांगू? आपल्या देशाच्या नियमांप्रमाणे अशा चाचणीसाठी आईबाबांची परवानगी तर लागतेच, पण मूल सात वर्षांहून मोठं असेल तर त्यालाही सगळं समजावून सांगतात आणि विचारतात, "तुझी तयारी आहे का?" बारा वर्षांपुढच्या मुलांकडून तर ते लिहून घेतात. डॉक्टरांनी मुलाच्या शेजारी बसून त्याचं मत विचारायचं, हे मला फार मोलाचं वाटतं.

कधी कधी औषध जुनं असतं, पण प्रश्न नवा असतो. असा एक प्रश्न गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांना पडला. जंगलातल्या गावांत मुलं न्यूमोनियाने जात होती आणि दवाखाना दूर होता. कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक ठाऊक होतं, पण ते गावातल्याच आरोग्यसेवकाने किंवा सुईणीने दिलं तर मुलं वाचतील का? 1988 च्या सुमारास त्यांनी 58 गावांत हे करून पाहिलं. शेजारच्या 44 गावांत नेहमीचीच सोय राहिली. दोन्हीकडे मोजायचं. असं का? एकाच ठिकाणी करून पाहिलं असतं तर कुणीही म्हणालं असतं, "यंदा हवाच बरी होती!"

उपचार मिळालेल्या गावांत न्यूमोनियाच्या 612 आजारपणांत मृत्यूंचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी राहिलं. बाकीच्या गावांत ते शंभरात तेरा-चौदा होतं. हे आकडे वाचताना मी अजूनही थांबतो. आकड्यांमागे घरं असतात, दारात वाट पाहणाऱ्या आया असतात.

पण सुईणीला न्यूमोनिया ओळखू कसा यायचा? मूल भराभर श्वास घेतं, ही त्याची मोठी खूण. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल, तर काळजी. त्याहून मोठ्या, वर्षाच्या आतल्या बाळासाठी पन्नास. आणि अनेक सुईणींना तर दहा-बाराच्या पुढे मोजणंच जड जायचं! मग बंग दांपत्याने त्यांच्यासाठी एक साधन बनवलं. त्यात एका मिनिटात खाली येणारी वाळू आणि मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्यांची, एक त्यांच्याहून मोठ्यांची. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर बाळाला औषध हवं. फक्त दहापर्यंत मोजता आलं की पुरे!

तुमच्या घरी लहान भाऊ-बहीण आहे? आज रात्री ते गाढ झोपलं की जवळ बसा. रडत असेल, खेळत असेल तर मोजू नका, श्वास चुकतात. अंगरखा थोडा वर करा. मिनिटभर घड्याळाच्या काट्याकडे कुणाला तरी बघायला सांगा, आणि दहा शेंगदाणे हाताशी ठेवा. पोट वर आलं की एक. पुन्हा वर आलं की दोन. दहा झाले की एक शेंगदाणा बाजूला.