साखरेचा बायपास

आमच्या विंगमधल्या एकाची पोटदुखीमुळे सोनोग्राफी झाली. रिपोर्ट आला 'ग्रेड वन फॅटी लिव्हर'. पठ्ठ्याने बिअरला कधी हात लावलेला नाही. कोल्ड्रिंक मात्र रोज दोन बाटल्या. म्हणून मी वाचायला बसलो. मेकॅनिकलवाल्याने बायोकेमिस्ट्री वाचणं म्हणजे धाडसच, पण आत सापडलं ते चक्क पाइपिंगचं ड्रॉइंग!

मित्रांनो, साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. ग्लुकोजच्या लाइनवर फॉस्फोफ्रुक्टोकायनेज नावाचा कंट्रोल व्हॉल्व्ह आहे. पेशीत ऊर्जा पुरेशी असली की तो आवळला जातो. फ्रुक्टोजची लाइन मात्र या व्हॉल्व्हला बायपास करून पुढे जोडलेली! थोडं फ्रुक्टोज आतडंच निस्तरतं (उंदरांत तरी तसं दिसलंय), पण अख्खी बाटली एका दमात रिचवली की लोंढा यकृतावर. तिथे त्याचे तीन-तीन कार्बनचे तुकडे पडतात आणि त्यातले थोडे, एन्झाइमशिवाय आपोआप, मिथाइलग्लायॉक्साल बनतात.

हा अल्डिहाइड भलताच भांडखोर. ग्लुकोजसुद्धा प्रथिनांना चिकटतं, डायबेटिसची एचबीएवनसी टेस्ट त्यावरच चालते. पण याच्यापुढे ते अगदी गरीब. याचा खास डोळा प्रथिनांतल्या आर्जिनिनवर. शरीराकडे स्क्रबरही आहे: ग्लायॉक्सालेज एन्झाइम्स याचं डी-लॅक्टेट करून टाकतात. पण लोड वाढला तर?

आता खरी गंमत. एएमपीके हा पेशीचा फ्युएल गेज. इंधन कमी झालं की तो चरबी बनवणं थांबवतो, जाळणं सुरू करतो. त्याच्या सेन्सरच्या खाचेत आर्जिनिन आहेत. 2016 साली मांडली गेलेली कल्पना अशी, की मिथाइलग्लायॉक्साल नेमका तिथे जाऊन चिकटतो, गेज अडकतो आणि यकृत चरबी बनवतच राहतं.

हे अजून पूर्ण सिद्ध नाही. पण अमेरिकेत लठ्ठ मुलांच्या आहारातली साखर 9 दिवस कमी करून तेवढ्याच कॅलरीचा स्टार्च दिला गेला. 2017 मध्ये निष्कर्ष आले: यकृतातल्या चरबीचा मध्यक 7.2 टक्क्यांवरून 3.8 वर! पुढे 2019 मध्ये कळलं, की रक्तातलं डी-लॅक्टेटही साधारण निम्म्यावर आलं होतं, म्हणजे स्क्रबरचं काम हलकं झालं असावं. अर्थात फ्रुक्टोज कमी केल्यावर दोन्ही आकडे उतरले, एवढ्यावरून एकामुळे दुसरा उतरला असं म्हणता येत नाही.

मेसच्या केळ्याला मात्र यात ओढू नका. चावून खाल्लेल्या फळातलं फ्रुक्टोज बेताचं असतं आणि हळूहळू पोचतं.