उन्हाची दुपार आणि चार चिंचोके

काय दोस्तांनो, सुट्टी लागली ना? पहिले चार दिवस मजेत जातात. पाचव्या दिवशी सुरू होतं, "आई, बोअर होतंय!" त्यात आपली विदर्भाची सुट्टी लांबलचक. पुण्या-मुंबईकडच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, आपल्या मात्र जून संपता संपता. कारण तुम्हाला ठाऊकच आहे. मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात पारा ४२-४४ अंशांवर चढतो.

सकाळ-संध्याकाळची काळजी नाही. विटीदांडू आहे, लगोरी आहे, झाडावरची डाबडुबली आहे. प्रश्न असतो अकरा ते पाचचा. गेल्या वर्षी याच वेळात आमच्या शाळेतला चौथीचा एक मुलगा, घरचे झोपलेले पाहून, शेतातल्या विहिरीवर गेला. पोहता येत नव्हतं. बैलांना पाणी पाजायला आलेल्या काकांनी दोर टाकला म्हणून वाचला. मी घरी गेलो तो रागावण्याच्या तयारीनंच. पण तो म्हणाला, "सर, घरात बसून करू काय मंग?" खरं सांगतो, माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

उत्तर दिलं त्याच्या आजीनं. ती वर्षाची चिंच फोडत बसली होती. म्हणाली, "थांब, तुले अष्टाचंगा शिकवतो."

दोन चिंचोके फोडायचे. प्रत्येकाच्या दोन डाळी होतात. एक बाजू तपकिरी, एक पांढरी. झाले चार फासे! फरशीवर खडूनं पाच गुणिले पाच, म्हणजे २५ घरं आखायची. चारही बाजूंच्या मधल्या घरांत आणि अगदी मधोमध फुली. प्रत्येकाच्या चार सोंगट्या. फुटक्या बांगड्यांचे तुकडे नकोत, हाताला लागतात. बटणं, तुरीचे दाणे, खडे चालतील. आपल्या फुलीपासून निघून बाहेरच्या घरांतून एक फेरी, मग उलट दिशेनं आतल्या घरांतून, शेवटी मधल्या फुलीत. जितक्या डाळी पांढऱ्या पडतील तितकी घरं चालायची. चारही पांढऱ्या म्हणजे चंग, चार घरं. एकही पांढरी नाही म्हणजे अष्टा, आठ घरं! दोन्हींना पुन्हा एक डाव. फुलीवरची सोंगटी मारता येत नाही. आणि दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत प्रवेश नाही, बरं का! भांडणं होतात ती इथंच.

मोबाइलवरचा लुडो खेळता ना? तो याच घराण्यातला. आपल्याकडच्या पचिसीवरून इंग्रजांनी तो बनवला आणि १८९६ साली इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट घेतलं.

आता माझ्यातला मास्तर गप्प बसत नाही. चार डाळी पडण्याचे एकूण १६ प्रकार होतात. त्यांतले दोनाचे ६, एकाचे ४, तिनाचे ४, पण चंगचा फक्त १ आणि अष्टाचाही १. शंभर वेळा टाका आणि वहीत खुणा करा. चिंचोका काही नाण्यासारखा सपाट नसतो, त्यामुळं तुमचा हिशोब थोडा वेगळा येईल. का, ते तुम्हीच शोधा.

पालकहो, विहिरीवर जाऊ नको, हे सांगायलाच हवं. पोहायला शिकवायचं तर सकाळी, सोबत मोठं माणूस घेऊन. पण दुपारी एक डाव तुम्हीही बसा. एकट्यानं अष्टाचंगा रंगत नाही.

परवा दुपारी दोनच्या सुमारास त्या घरावरून गेलो. ओसरीत पाच-सहा मुलं जमलेली. नातवानं आजीची शेवटची सोंगटी मारली होती आणि आजी हटून बसली होती, "हा डाव मी मानतच नाही!"